नरकासुराच्या रात्री चिंगीला साप चावला तेव्हा

ताई, नमस्कार. आम्ही गोव्यात साखळीजवळच्या एका गावात राहतो, घराला लागूनच कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग आहे. आमची चिंगी गावठी, सहा वर्षांची, 14 किलो वजनाची. नरकासुराच्या रात्री, म्हणजे दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराचे पुतळे मिरवतात तेव्हा, साडेदहाला ती पोफळींतून विव्हळत आली. वरच्या ओठावर दोन बारीक टोचे होते, रक्त थांबत नव्हतं आणि बघता बघता तोंड एका बाजूने सुजलं. नेहमीच्या डॉक्टरांचा फोन बंद होता. दुसऱ्यांनी उचलला नाही. तिसरे म्हणाले, "सकाळी नऊला घेऊन या." सासूबाई मुळी उगाळून लावायला सांगत होत्या. शेवटी कुणाकडून तरी कळलं, की म्हापशाच्या बाजूला एक दवाखाना रात्री उघडतात. डिचोलीत नरकासुरांच्या गर्दीत गाडी अडकली, पाऊण तासाच्या रस्त्याला पावणेदोन तास लागले. तिथल्या डॉक्टरांनी रक्त काढून काचेच्या नळीत ठेवलं आणि वीस मिनिटं नुसते थांबून राहिले. मग सापाच्या विषावरच्या चार बाटल्या दिल्या, सलाइन लावलं, दोन दिवस ठेवून घेतलं. बिल झालं 14,600 रुपये. चिंगी वाचली, कालच घरी आणली. पण यजमान सारखे म्हणतात, "गावठी कुत्रीला पंधरा हजार? आणि 14 किलोच्या जनावराला माणसाएवढं औषध कशाला?" आम्हाला लुबाडलं का? पुन्हा अशी वेळ आली तर काय करायचं?
– साखळीची एक वाचक

नमस्कार.

तुम्हाला कुणी लुबाडलेलं नाही. हे आधी सांगून टाकते, कारण तुमच्या पत्रात हाच प्रश्न सगळ्यात जास्त टोचतोय असं मला वाटलं. पण नुसतं माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज नाही. बिल समोर घेऊन यजमानांबरोबर बसा आणि पुढचं वाचा. मी स्वतः डॉक्टर नाही. वीस वर्षं घरात कुत्री-मांजरं आहेत आणि त्यांच्यापायी बऱ्याच रात्री जागून काढल्या आहेत. शिवाय तुमचं पत्र आल्यावर ओळखीच्या डॉक्टरांना विचारून मगच लिहायला बसले.

आधी त्या काचेच्या नळीचं. डॉक्टर नुसते बसले नव्हते. आपल्याकडचे मुख्य विषारी साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. नाग आणि मण्यार यांचं विष मज्जातंतूंवर जातं. जनावर लुळं पडत जातं आणि शेवटी श्वास थांबतो. घोणस आणि फुरसं यांचं विष रक्ताची गुठळी होण्याची ताकदच संपवतं. म्हणून स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, ती न हलवता वीस मिनिटं ठेवायची आणि मग तिरपी करून बघायची. रक्त गोठलेलं असेल तर एक अर्थ, पाण्यासारखं वाहिलं तर दुसरा. काच यासाठी, की प्लास्टिकच्या नळीत ही परीक्षा नीट होत नाही. माणसांच्या इस्पितळातही हेच करतात. त्या वीस मिनिटांत तुमच्या जिवाची काय तगमग झाली असेल ते कळतं मला, पण चिंगीच्या ओठातून थेंब थेंब रक्त का गळतंय याचं उत्तर त्या नळीत होतं. विषावरचं औषध द्यायचं की नाही आणि आणखी किती द्यायचं, हे त्यावरून ठरतं. एवढंच, की ही वीस मिनिटं डॉक्टरांनी तुम्हाला दोन वाक्यांत समजावून सांगायला हवी होती.

आता यजमानांचा प्रश्न, 14 किलोला माणसाएवढं औषध कशाला. प्रश्न रास्त आहे, कारण बाकीची बहुतेक औषधं वजनावर देतात. हे देत नाहीत. हे औषध रक्तात शिरलेल्या विषाला धरून निकामी करतं, म्हणून त्याचा हिशेब विष किती शिरलं यावर असतो. साप चावताना समोर माणूस आहे की कुत्रा, हे बघून विष कमीजास्त सोडत नाही. उलट तेवढंच विष 60 किलोच्या माणसापेक्षा 14 किलोच्या अंगात जास्त जहाल ठरतं. चिंगीला चार बाटल्या लागल्या यात नवल काहीच नाही. जनावरांसाठी वेगळं स्वस्त औषध आहे आणि तुम्हाला मुद्दाम महाग दिलं, असंही नाही. माणसांना देतात तेच वापरतात. घोड्यांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तातून ते तयार होतं, आणि या चार सापांवरच चालतं. आपल्या रानातल्या हिरव्या चापड्यासारख्या सापांवर ते लागू पडत नाही.

हे औषध रात्री अकराला कपाटात असणं, हाच खरा खर्चाचा भाग आहे. बाटल्या आणून ठेवायच्या. पातळ असेल तर फ्रिजमध्ये, आणि चतुर्थीच्या पावसात तीन तीन तास वीज गेली तरी तो फ्रिज गार राहिला पाहिजे. मुदत संपली की न वापरलेल्या बाटल्या टाकून द्यायच्या. त्यात रात्रीचा एक डॉक्टर, हाताखाली एक माणूस, आणि औषध देताना अचानक अंगावर गांधी उठली किंवा दम लागला तर तिथल्या तिथे सावरायची तयारी. घोड्याच्या रक्तातून केलेलं असल्यामुळे असं होऊ शकतं, म्हणून पहिल्या तासात जनावराजवळून उठता येत नाही. दोन दिवस सलाइन आणि देखरेख म्हणजे दोन रात्री कुणीतरी जागलेलं आहे. एक बारीक गोष्ट बिलात तपासून घ्या: जनावरांच्या दवाखान्यातल्या उपचारांच्या सेवेला जीएसटी माफ आहे. तपासणी किंवा शस्त्रक्रियेच्या फीवर कुणी तो लावला असेल तर विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

मला एकच गोष्ट खटकली. चिंगीला टेबलावर घेतल्यापासून घरी आणेपर्यंत किती खर्च येईल हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही आणि तुम्हीही विचारलं नाही. यात तुमचा दोष नाही. जीव समोर तडफडत असताना पैशाचं विचारायची लाज वाटते. पण विचारायला हवं, आणि ते कसं विचारायचं हे आधीच तोंडात बसलेलं हवं. मी असं विचारते: "डॉक्टर, आता लगेच जे करायचं त्याला किती, आणि सकाळपर्यंत ठेवलं तर किती?" पैसे कमी असतील तर तेही सरळ सांगते: "माझ्याकडे आज आठ हजार आहेत. त्यात सगळ्यात आधी काय करू या?" मला आलेला अनुभव असा, की हे विचारल्यावर चांगला डॉक्टर रागावत नाही. उलट कोणती तपासणी सकाळवर ढकलता येईल, कोणतं औषध टाळता येणार नाही, हे तो मोकळेपणाने सांगतो. उत्तर द्यायलाच तयार नसलेला दवाखाना पुढच्या वेळी यादीत खाली टाका.

आता ते तीन फोन. तुमचा राग पत्रात दिसतो आणि तो खोटा नाही. तरी पहिल्या दोघांवर मी राग धरणार नाही. आपल्याकडे पाळीव जनावरांचे बहुतेक दवाखाने एका डॉक्टरचे. सकाळी नसबंदीच्या शस्त्रक्रिया, दुपारी घरोघरच्या फेऱ्या, संध्याकाळी ओपीडी. असा माणूस रात्री फोन बंद करून झोपला तर त्याने गुन्हा केला असं मला म्हणवत नाही. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, पण त्यांची घडण गाई-म्हशींसाठी आणि दिवसाच्या कामासाठी. गोठ्यात गाय अडली तर डॉक्टर घरी येतो, ही सवय आपल्याला आहे. कुत्र्यामांजराला घेऊन रात्री धावायची वेळ येते हे आत्ता आत्ता सगळ्यांच्या लक्षात येतंय. पशुवैद्यक व्हायचं म्हणून आपली मुलं परळला, शिरवळला शिकायला जातात. त्यातली किती वाळपईला किंवा काणकोणला परत येऊन रात्रीचा दवाखाना चालवतील? आलाच एखादा, तर रोज रात्री त्यानेच एकट्याने जागायचं, असं किती वर्षं चालेल?

तिसऱ्या डॉक्टरांचं मात्र मला पटलं नाही. "सकाळी नऊला आणा" म्हणण्याआधी त्यांनी दोन प्रश्न विचारायला हवे होते: श्वास कसा चाललाय, आणि रक्त थांबतंय का. स्वतः येऊ शकत नसतील तर "मी नाही, पण अमुक ठिकाणी जा, आत्ताच निघा" एवढं तरी सांगायचं. तुम्ही त्यांचं ऐकलं असतं तर चिंगी बहुधा सकाळ बघू शकली नसती. एका तालुक्यातल्या चार-पाच डॉक्टरांनी मिळून पाळ्या लावल्या, प्रत्येकाने आठवड्यातून एक-दोन रात्री दार उघडं ठेवलं आणि बाकीच्यांनी आपल्या फोनवर त्याचा नंबर ऐकू येईल असं केलं, तर कुणावरच भार पडणार नाही. हे मी डॉक्टरांना प्रत्येक वेळी म्हणते. तुम्हीही तुमच्या डॉक्टरांना म्हणा, आणि रात्रीच्या पाळीचे जास्त पैसे द्यायची तयारी आहे हेही म्हणा. पंचायतीच्या ग्रामसभेत कुत्र्यांचा विषय निघतो तो फक्त चावऱ्या कुत्र्यांचा. तिथेही हे बोलायला हरकत नाही.

"सकाळी बघू" हे मीही एकदा केलं आहे, म्हणून त्या वाक्याची मला भीती बसली आहे. आमचा बोका होता, बाळ्या. पिवळा, अंगाने भरलेला. एका शनिवारी संध्याकाळी तो न्हाणीत जाऊन बसला. एरवी मांजर न्हाणीत कशाला जाईल? कोपऱ्यात उकिडवा बसायचा, शेपूट थरथरायची, जोर करायचा, मग उठून दोन पावलांवर पुन्हा बसायचा. फरशीवर काही नाही, नुसता एक गुलाबी थेंब. मधूनच मागे वळून चाटत राहायचा. मला वाटलं, पोट साफ होत नाहीये. दूध दिलं, त्याने तोंड लावलं नाही. रात्री दहाला एका दवाखान्यात फोन केला. तिथल्या माणसाने काही न विचारता सोमवारी आणायला सांगितलं आणि मी ऐकलं. रविवारी दुपारी तो न्हाणीच्या गार फरशीवर आडवा झाला, पोट दगडासारखं कडक. त्याची लघवी अडली होती. बोक्याची लघवीची वाट अरुंद असते, खड्यांनी किंवा चिकट गाळाने ती बंद होते. मग विष रक्तात चढतं आणि एक-दोन दिवसांत हृदय थांबतं. वेळेवर नळी घातली असती तर वाचला असता. त्याला आता नऊ वर्षं होतील. कुणाचा बोका मोरीत, टबात, कुंडीत वारंवार बसतोय असं कळलं, की मी अजून हातातलं काम टाकून फोन करते.

म्हणून काय थांबू शकतं आणि काय नाही, हे डोक्यात पक्कं हवं. अडलेली लघवी थांबू शकत नाही. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्याचं पोट ढोलासारखं फुगलं आणि तो ओकायला बघतोय पण बाहेर काही येत नाही, तर जठराला पीळ पडलेला असू शकतो. तिथे हिशेब तासांचा आहे. तोंड उघडं टाकून श्वास घेणारं मांजर, पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललेली किंवा पाठोपाठ आलेली फीट, उन्हात किंवा बंद गाडीत राहून तापलेलं, लडखडणारं कुत्रं, यांनाही लगेच न्यायचं. तापलेल्याला आधी साध्या पाण्याने भिजवायचं, वारा घालायचा आणि मग गाडीत घालायचं. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, त्यामुळे आपल्या हिशेबाने "ताप आहे" म्हणून घाबरू नका; पण 105 म्हणजे धोका. विणारी कुत्री अर्धा तास जोरात कळा देतेय आणि पिल्लू दिसत नाही, तर निघा. लस न झालेल्या पिल्लाला रक्ताची हगवण लागली तर पार्वो हा विषाणूचा आजार असू शकतो, त्यातही रात्र काढू नका.

उंदराचं विष ही आपल्याकडची मोठी फसवणूक, कारण खाल्ल्यावर कुत्रं मजेत असतं. रक्त पातळ करणाऱ्या विषाची लक्षणं दोन ते पाच दिवसांनी दिसतात: हिरड्यांतून रक्त, काळी शी, दम. खाल्ल्याचं कळताच तासा-दोन तासांत नेलं तर ते विष पोटातून काढता येतं, आणि त्यावर के जीवनसत्त्वाचं औषधही आहे. विषाचं पाकीट बरोबर न्यायला विसरू नका. कोणतं विष आहे यावर उपचार बदलतात. मिठाचं पाणी पाजून घरी ओकवायला जाऊ नका, त्यानेच जनावरं दगावतात. आणि मांजराला क्रोसिनची अर्धी गोळीसुद्धा द्यायची नाही. मायेने दिलेल्या त्या अर्ध्या गोळीने मांजर मरतं.

एकदा ओकलं पण पाणी पितंय, शेपूट हलवतंय, नख तुटलं, पाय जरा उचलून चालतंय, अंग खाजवतंय, हे सगळं सकाळपर्यंत थांबतं. शंका असेल तर ओठ वर करून हिरडी बघा. निरोगी हिरडी गुलाबी असते. बोटाने दाबली की पांढरी पडते आणि सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. फिकट, निळसर किंवा विटकरी दिसली, किंवा रंग यायला वेळ लागला, तर घड्याळ बघत बसू नका. काही कुत्र्यांची हिरडी मुळातच काळी असते, म्हणून आपल्या कुत्र्याची बरी असतानाची हिरडी एकदा बघून ठेवावी. चिंगीची आत्ता बघू नका, तिचं तोंड दुखत असेल. महिन्याभराने बघा.

पुढच्या वेळचं विचारलंत. रात्रीचं काम दिवसा करून ठेवायचं. एका सकाळी तासभर काढा आणि डिचोली, म्हापसा, पणजी, फोंडा इथल्या दवाखान्यांना फोन करा. पाटीवर किंवा नकाशावर "24 तास" लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका. कधी त्याचा अर्थ इतकाच असतो की फोन उचलतात. सरळ विचारा: रात्री दहानंतर डॉक्टर स्वतः दवाखान्यात असतात का, की बोलवावे लागतात आणि यायला किती वेळ लागतो? सापाच्या विषावरचं औषध ठेवता का? रात्री ठेवून घेतलं तर जनावराजवळ जागं कोण असतं? रात्रीची फी किती, आणि आधी किती भरावे लागतात? मिळालेली उत्तरं कागदावर लिहून फ्रिजच्या दाराला लावा, म्हणजे तुम्ही घरी नसलात तरी सासूबाईंना किंवा मुलांना फोन करता येईल. 1962 हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्यांचा टोल फ्री नंबर आहे. तोही लिहून ठेवा, पण तुमच्या भागात गाडी किती वाजेपर्यंत येते आणि कुत्र्यामांजरासाठी येते का, हे दिवसाच विचारून घ्या. यादीतल्या पहिल्या दवाखान्यात एकदा जाऊन या, लस टोचायच्या निमित्ताने. तिथे चिंगीच्या नावाचा कागद असला की रात्री अनोळखी म्हणून जावं लागत नाही, आणि वळण कुठे घ्यायचं हेही कळतं.

वाहनाचंही बघा. तुमच्याकडे गाडी होती. ज्यांच्याकडे नाही त्यांनी शेजारचा रिक्षावाला किंवा पिकअपवाला आधीच बोलून ठेवावा; रक्त गळणारं कुत्रं सगळेच घेत नाहीत, आणि मध्यरात्री नाही म्हणणाऱ्याशी हुज्जत घालायला वेळ नसतो. एक जुनी चादर त्याला दाखवून ठेवा, म्हणजे सीट खराब होईल ही त्याची काळजी जाईल. दिवाडीसारख्या बेटावर राहणाऱ्यांनी रात्रीची शेवटची फेरीबोट कितीची आणि नंतर काय सोय, हेही विचारून ठेवावं. शिवाय नरकासुराची रात्र दर वर्षी ठरलेल्या दिवशीच येते. चतुर्थीही येते. आदल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारा, की तुम्ही गावी असाल का, नसाल तर कुणाकडे जायचं. त्या रात्री कुत्र्याला अंधार पडायच्या आधी बाहेर फिरवून घरात घ्या. ढोल-डीजेच्या आवाजाने बिथरलेलं जनावर नेहमीची वाट सोडून कुठेही घुसतं, आणि चिंगी त्या वेळी कुळागराच्या कोपऱ्यात का गेली होती, याचं कारणही हेच असावं असं मला वाटतं.

पैशाचं म्हणाल तर मी पिग्मी लावली आहे. सोसायटीचा पिग्मीवाला रोज दारावर येतो, त्याच्याकडे कुत्र्यामांजरांच्या नावाने 20 रुपये. वर्षाचे 7,300 होतात. दोन वर्षांत तुमच्या बिलाएवढी रक्कम जमते, आणि ती वेगळ्या पुस्तकात असल्यामुळे किराण्यात जात नाही. पाळीव कुत्र्यांचा विमाही आता मिळतो. घेण्याआधी गावठी कुत्र्याला मिळतो का, वयाची अट काय, पॉलिसी घेतल्यावर किती दिवसांनी लागू होते आणि बाहेरच्या बाहेर केलेल्या उपचारांचे पैसे मिळतात का, हे लिहून मागा. घरात दोन-तीन हजार रोख असू द्या. रेंज गेली की फोनवरून पैसे जात नाहीत.

सासूबाईंच्या मुळीबद्दल. त्यांच्या जिवाला घोर लागला म्हणूनच त्या म्हणत होत्या, तेव्हा त्यांना दुखवू नका. पण साप चावलेल्या जागी मुळी, हळद, चुना काहीही लावायचं नाही, चिरायचं नाही, करकचून बांधायचं नाही, बर्फ ठेवायचा नाही. गळपट्टा आधी काढायचा, कारण सूज गळ्यापर्यंत उतरली की तोच फास होतो. जनावराला चालवायचं नाही, उचलून न्यायचं. दुखतंय म्हणून घरातली गोळी द्यायची नाही. काही गोळ्यांनी रक्त आणखी पातळ होतं. साप शोधायला कुणी कुळागरात शिरू नये. वेदनेने कुत्रं घरच्यांनाही चावतं, म्हणून अंगाभोवती चादर गुंडाळून धरा, आणि तोंड सुजलेलं असताना ते बांधू नका. चावलंच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवून आरोग्य केंद्र गाठा. 2021 मध्ये गोवा रेबीज नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं ते गावोगावी फिरून कुत्र्यांना लशी टोचल्या म्हणून. तरी घरच्या कुत्र्याची दर वर्षीची लस आणि आपलं इंजेक्शन, दोन्ही चुकवायचं नाही. सासूबाईंना एक काम द्या: चिंगीला असं काही झालं तर गळपट्टा काढायचा आणि फ्रिजवरचा पहिला नंबर लावायचा. हात रिकामा राहिला की माणूस मुळी शोधतो.

आणि यजमान. पत्रात तुम्ही लिहिलं नाहीत, पण त्या रात्री डिचोलीच्या गर्दीतून गाडी कोणी काढली? मला वाटतं, त्यांनीच. पैसेही त्यांनीच भरले असतील. जो माणूस पावणेदोन तास गाडी चालवत तिला घेऊन गेला, त्याला चिंगीची किंमत कळत नाही असं मी मानत नाही. पंधरा हजार ही तुमच्या घरात लहान रक्कम नसेल, आणि ती अचानक गेली याची धडकी त्यांच्या बोलण्यातून बाहेर पडतेय. "गावठी" या शब्दावर भांडू नका. त्यांना विचारा, पुन्हा असं झालं तर आपण किती खर्च करायचा? एक आकडा ठरवा. दहा ठरवा, वीस ठरवा. ठरवण्यात निर्दयपणा नाही. उपचार आपल्या आवाक्याबाहेर जाताहेत किंवा जनावराच्या यातना संपतच नाहीयेत, असं डॉक्टरांनी सांगितलं तर तिला शांतपणे जाऊ द्यायचं का, हेही ती अंगणात शेपूट हलवत असताना बोलून घ्या. मध्यरात्री टेबलापाशी उभं राहून हे बोलणं फार कठीण जातं. मी बोललेले नव्हते.

चिंगीकडे अजून दोन-तीन आठवडे लक्ष द्या. घोणशीच्या विषाने मूत्रपिंडांना इजा होऊ शकते, म्हणून लघवी रोज होतेय ना, किती होतेय, तांबूस किंवा चहासारखी दिसतेय का, हे बघा आणि डॉक्टरांना विचारून मूत्रपिंडाची रक्ततपासणी एकदा करून घ्या. खर्च आणखी होईल, पण हा टाळू नका. ओठाची कातडी काळी पडून सुटू लागली तर ओढू नका. औषधानंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी ताप आला, सांधे दुखू लागले, अंगावर पित्त उठलं तर तेही त्या औषधामुळे असू शकतं. फोन करून सांगा. जेवण मऊ द्या, पेजेत कालवलेला भात, गार करून. तोंड दुखतंय तोवर ताट जरा उंचावर ठेवा, पाटावर, म्हणजे तिला मान खाली घालावी लागणार नाही.